एमबीएचं स्पेशलायझेशन आणि इलेक्टिव्ह: फॉर्मवर सही करण्याआधी

सीईटी (प्रवेश परीक्षा) आणि कॅप राउंडमध्ये (केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांत) जीव इतका अडकलेला असतो की स्पेशलायझेशनचा, म्हणजे मार्केटिंग, फायनान्स, एचआर (मनुष्यबळ), ऑपरेशन्स (उत्पादन आणि सेवांचं व्यवस्थापन) यांपैकी कोणती शाखा घ्यायची याचा, विचार पुढे ढकलला जातो. मग एके दिवशी वर्गात फॉर्म फिरतो आणि शेजारच्याने जे लिहिलं तेच आपणही लिहितो.

आधी पात्रता. प्रवेशाला किमान तीन वर्षांची पदवी आणि 50 टक्के गुण लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना 45. एकदा आत आलात की बीकॉमवाल्यांनाच फायनान्स, इंजिनिअरनाच ऑपरेशन्स असली अट नाही. मात्र सगळी कॉलेजं सगळी स्पेशलायझेशन चालवत नाहीत, आणि पुरेशी मुलं नसली तर इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) बंदही होतं. म्हणून दुसरी पसंती ठरवूनच ऑफिसात जा.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा 2019 चा पॅटर्न (अभ्यासक्रमाची रचना) उदाहरणादाखल घेऊ. (त्यानंतर 2024 चा आला. तुमच्या तुकडीला कोणता लागू आहे, ते आधी विचारा.) त्यात स्पेशलायझेशनचे विषय दुसऱ्या सत्रातच सुरू होतात आणि लगेच किमान आठ आठवड्यांची समर इंटर्नशिप येते. म्हणजे इंटर्नशिप कुठली शोधायची हेही याच फॉर्मवर बरंचसं ठरतं. चाकण-रांजणगावच्या कारखान्यात सप्लाय चेनचं (माल पुरवठ्याच्या साखळीचं) काम हवं असेल आणि फॉर्मवर एचआर असेल, तर मुलाखतीत उत्तर देताना दमछाक होते. शिवाय विषयांची साखळी असते: ऑपरेशन्समध्ये ‘सर्व्हिसेस ऑपरेशन्स’चा पहिला भाग दुसऱ्या सत्रात, दुसरा तिसऱ्यात. मध्येच गाडी बदलली तर पाया कच्चा राहतो.

स्पेशलायझेशन किंवा इलेक्टिव्ह निवडताना विषयाच्या नावावर जाऊ नका, अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा. ‘डेटा मायनिंग’ (मोठ्या माहितीसाठ्यातून उपयोगी गोष्टी शोधणं) वाचायला झकास वाटतं. आकडेवारीशी मैत्री नसेल तर सत्र जड जातं. अंतर्गत गुण किती, लेखी किती, हेही तिथेच कळतं. अमुक सर सोपे पेपर काढतात, हे निवडीचं कारण नव्हे. जिथे विद्यापीठाचा पेपर असतो, तिथे तो तुमचे सरच काढतील असं नाही.

कागदपत्रं फार नाहीत: पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), एबीसी आयडी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक), ओळखपत्र, फी भरल्याची पावती, झालेल्या सत्राची गुणपत्रिका. जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर, दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्यांचं मायग्रेशन सर्टिफिकेट यांतलं काही प्रवेशावेळी द्यायचं राहिलं असेल, तर तेही आत्ताच उरका. परीक्षा जवळ आली की ऑफिसच्या खिडकीवर रांग लागते.

शेवटचा, पण सगळ्यात चुकणारा मुद्दा विषय कोडचा. या पॅटर्नमध्ये 205 हा आकडा मार्केटिंगलाही आहे, फायनान्सलाही, एचआरलाही; फरक पुढच्या अक्षरांत. परीक्षा फॉर्म भरताना आकडा बघून टिक केली की भलताच विषय लागतो. निवडीच्या फॉर्मची सही-शिक्क्यासह झेरॉक्स जवळ ठेवा, परीक्षा फॉर्मची प्रिंट तिच्याशी अक्षरन् अक्षर ताडून बघा आणि तफावत दिसली तर मुदत संपायच्या आत को-ऑर्डिनेटरकडे लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.