लाल विंचवाचा दंश : हृदयावरील आघात आणि उपचारांचे संशोधन

लाल विंचवाच्या (हॉटेंटोटा टॅम्युलस, जुने नाव मेसोब्युथस टॅम्युलस) विषामुळे हृदय आणि रक्ताभिसरणावर होणारा तीव्र, प्रसंगी प्राणघातक आघात, आणि त्यावरील उपचार शोधण्यासाठी झालेले रुग्णालयीन संशोधन. अतिदक्षता वैद्यक आणि हृदयरोगशास्त्र या दोन्ही शाखांचा हा विषय आहे. तरी त्यातले निर्णायक काम मोठ्या शहरातल्या संस्थेत झाले नाही. ते खेड्यातल्या दवाखान्यात, रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसून झाले.

हा विंचू कोकण, पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात, तसेच कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू व सौराष्ट्रात आढळतो. मराठवाड्यातल्या दगडमातीच्या भिंती, जुनी माळवदे, सरपण, गोवऱ्या, कडब्याची गंज, पऱ्हाट्यांचा ढीग या त्याच्या लपण्याच्या जागा. उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात तो बाहेर पडतो. दंश बहुधा रात्री होतो. अंधारात चप्पल चाचपताना, जमिनीवरचे अंथरूण उलगडताना किंवा पहाटे चुलीसाठी जळण ओढताना तो नांगी मारतो. शेतात सुगीच्या दिवसांत दिवसाही दंश होतात. गावात भीती असते ती मोठ्या काळ्या इंगळीची. तिचा आकार भयंकर असला तरी तिचे विष माणसाला सहसा मारत नाही. जीव घेतो तो बोटाएवढा, तांबूस रंगाचा विंचू. ‘एवढ्याशा विंचवाने काय होतंय’ म्हणून घरच्यांनी घालवलेला वेळ अनेक मुलांना महागात पडला आहे. अतिनील प्रकाशात विंचवाचे अंग हिरवट चमकते, त्यामुळे तसल्या विजेरीने रात्री घराभोवती तो सहज शोधता येतो. ही साधी गोष्ट गावोगाव माहीत व्हायला हवी.

विषातील प्रथिने मज्जातंतूंच्या पेशींवरील सोडियमच्या मार्गिकांवर काम करतात. एकदा उघडलेले दार लोटून घेताच येऊ नये तशी या मार्गिकांची गत होते, आणि मज्जातंतू संदेश पाठवतच राहतात. आधी परासहानुभूती चेता (शरीराला विसाव्याच्या स्थितीत नेणारे मज्जातंतू) चाळवतात. उलट्या होतात, घामाने अंथरूण भिजते, लाळ गळते, नाडी मंदावते, मुलग्यांत व पुरुषांत शिश्न ताठर राहते. मग सहानुभूती चेतांचा (संकटात शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या मज्जातंतूंचा) जोर होतो. ॲड्रेनलिन व नॉरॲड्रेनलिन रक्तात प्रचंड प्रमाणात सुटतात, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गारढोण पडतात, रक्तदाब चढतो, नाडी धावू लागते. या चढलेल्या दाबाविरुद्ध पंप करताना, त्यातच अतिरिक्त ॲड्रेनलिनच्या थेट माऱ्याने, हृदयाचा स्नायू थकतो. फुप्फुसांत पाणी भरते, रुग्ण बसून धापा टाकतो, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. यापुढे रक्तदाब कोसळतो. इको तपासणीत (हृदयाच्या सोनोग्राफीत) डाव्या जवनिकेचे, म्हणजे शरीराला रक्त पुरवणाऱ्या हृदयाच्या कप्प्याचे, आकुंचन क्षीण दिसते. मात्र रुग्ण या काळातून तगला तर बहुतेकांचे हृदय पुढच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ववत होते. म्हणूनच इथे प्रत्येक तास मोलाचा आहे: हृदय कायमचे निकामी झालेले नसते, त्याला फक्त हे वादळ पार करवून द्यायचे असते.

मोठ्या माणसाला दंशाच्या जागी असह्य कळ आहे, पण घाम नाही, उलटी नाही, हातपाय उबदार आहेत, तर धोका सहसा नसतो. उलट कळ फारशी नाही, पण मूल घामाने डबडबले आहे आणि पाय गार आहेत, तर ते गंभीर. घरच्यांना नेमके उलटे वाटते, आणि पूर्वी कित्येक डॉक्टरांनाही वाटे. उलट्या, घाम, गार हातपाय आणि मुलग्यांतील ताठर शिश्न ही हृदयावरील संकटाची पूर्वसूचना आहे, हे डॉ. हिंमतराव साळुबा बावस्कर यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले.

बावस्करांचा जन्म जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातल्या देहेडचा, गरीब शेतकरी घरातला. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर १९७६ मध्ये त्यांची नेमणूक कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. तिथे विंचू चावलेली मुले डोळ्यांदेखत दगावत होती. विंचूदंशाने मृत्यू का होतो याचे समाधानकारक उत्तर त्या वेळच्या पाठ्यपुस्तकांत नव्हते. त्यांनी रुग्णाची नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी तासातासाला ठेवल्या, मग पुण्याला एमडी केले आणि पुन्हा महाडलाच परतले. डॉ. प्रमोदिनी बावस्कर या त्यांच्या सहचारिणी आणि पुढच्या बहुतेक शोधनिबंधांच्या सहलेखिका. २०२२ मध्ये हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली. मराठवाड्यात या सन्मानाचे कौतुक झाले, ते योग्यच. पण त्या नोंदवह्यांचे मोल प्रस्तुत लेखकाला सन्मानापेक्षा मोठे वाटते, कारण पुढचा प्रत्येक निष्कर्ष त्यांतूनच निघाला.

त्याआधीचे उपचार अंदाजाने चालत. घाम आणि लाळ थांबवायला ॲट्रोपिन दिले जाई, त्याने नाडी आणखी धावे आणि चढलेला रक्तदाब अधिक घातक ठरे. स्टेरॉइड, गुंगीच्या औषधांचे ‘लिटिक कॉकटेल’, सगळे वापरून झाले. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. के. राधाकृष्ण मूर्ती यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून इन्सुलिन-ग्लुकोजचा मार्ग सुचवला. विचार महत्त्वाचा होता, पण सतत साखर तपासण्याची सोय नसलेल्या खेड्यात तो राबवणे अवघड होते. फुप्फुसात पाणी भरलेल्या रुग्णांना बावस्करांनी सोडियम नायट्रोप्रुसाइडची धार सुरू केली आणि रुग्ण वाचू लागले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या की हृदयावरचा भार उतरतो, हे सिद्ध झाले. अडचण एवढीच की ही धार क्षणोक्षणी रक्तदाब पाहत द्यावी लागते.

म्हणून त्यांनी प्राझोसिनकडे मोर्चा वळवला. रक्तदाबावर वापरात असलेली ही स्वस्त गोळी नॉरॲड्रेनलिनचे अल्फा-१ ग्राही (रक्तवाहिन्यांवर ते जिथे चिकटते त्या जागा) अडवते, म्हणजे विषाचा परिणाम जिथे घडतो तिथेच त्याला थोपवते. मुलांना २५० मायक्रोग्रॅम, मोठ्यांना ५०० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी, हातपाय कोरडे आणि उबदार होईपर्यंत. उलट्या होत असतील तर नळीवाटे. १९८६ मध्ये याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. प्राझोसिनपूर्वी गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण २५ ते ३० टक्के होते. प्राझोसिन रूढ झाल्यावर बावस्करांच्या रुग्णांत ते १ टक्क्याच्या आसपास आले. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब अचानक उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवेच ठेवावे लागते. आईने घाबरून लेकराला कडेवर उचलले तरी ते बेशुद्ध होऊ शकते, हे परिचारिकेने आधीच सांगायला हवे. नुसत्या कळेसाठी मुलांना प्राझोसिन द्यायचे नाही. हळूहळू विरघळणारी दीर्घ परिणामाची गोळी इथे उपयोगाची नाही.

प्राझोसिनमुळे परिणाम थोपतो, रक्तातले विष मात्र तसेच राहते. ते निष्प्रभ करायला प्रतिविष हवे. भारतात मुंबईच्या हाफकिन संस्थेने लाल विंचवाविरुद्ध प्रतिविष तयार केले, पण ते द्यावे की नाही यावर जगभर दुमत होते. ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत (कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवलेल्या) प्रतिविषाचा काहीच लाभ दिसला नाही. उलट २००९ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनात अवघ्या १५ मुलांवरच्या चाचणीत प्रतिविष मिळालेली आठही मुले चार तासांत लक्षणमुक्त झाली, तर प्लासिबो (औषध नसलेला दिखाऊ उपचार) मिळालेल्या सातांपैकी एकच. विरोध दिसतो तेवढा खरा नाही. विंचू वेगळे, विष वेगळे, आणि ट्युनिशियात सौम्य रुग्णही घेतले होते, ज्यांना उपचाराशिवायही बरे वाटले असते. एका देशाचा निष्कर्ष दुसऱ्या देशाच्या विंचवाला लावता येत नाही, म्हणून ही चाचणी इथेच व्हायला हवी होती.

ती महाडला झाली. विषबाधेची लक्षणे असलेले, पण हृदय वा श्वसन अजून कोलमडले नाही असे ७० रुग्ण दोन गटांत विभागले. सर्वांना प्राझोसिन मिळाले, कारण प्राण वाचवणारे औषध तुलनेसाठी कुणाला नाकारणे नीतीत बसत नाही. एका गटाला शिवाय प्रतिविष दिले. दहा तासांनी प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण पूर्ण लक्षणमुक्त होते, केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. हा निबंध २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. पुढे पुदुच्चेरीच्या जिपमेर या वैद्यकीय संस्थेत मुलांवर झालेल्या चाचणीनेही याच दिशेला पुष्टी दिली. महाडच्या चाचणीत कोणाला काय दिले हे डॉक्टरांपासून लपवलेले नव्हते, ही तिची मर्यादा. आणि मृत्यू आधीच इतके कमी झाले होते की प्रतिविषाने ते आणखी घटतात का, हे ७० रुग्णांवरून ठरत नाही. प्रतिविष फक्त मोकळे फिरणारे विष पकडते. एकदा सुटलेले ॲड्रेनलिन ते परत घेऊ शकत नाही. म्हणून ते लवकर दिले तरच कामाचे, आणि प्राझोसिनच्या जोडीने.

मराठवाड्यात या ज्ञानाचा कस रस्त्यावर लागतो. गंभीर रुग्ण शेवटी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या शासकीय रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात, नांदेड वा लातूरच्या शासकीय महाविद्यालयात येतात. तिथे हृदयाचे आकुंचन वाढवणारे डोब्युटामिन, रक्तवाहिन्या सैल करणारे नायट्रोग्लिसरिन, श्वासाला आधार देणारे मुखवट्याचे यंत्र अशा सोयी आहेत. पण वाडीतून किंवा तांड्यावरून निघालेला रुग्ण आधी विंचू उतरवणाऱ्याकडे जातो, झाडपाल्याचा लेप लागतो, मग गाडीची शोधाशोध होते. नुसती कळ असलेला माणूस मंत्राशिवायही बरा झालाच असता, पण तेवढ्यावर मांत्रिकाची ख्याती वाढते आणि पुढच्या खेपेला गार पडलेले लेकरूही त्याच्याकडेच नेले जाते. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तिची वाट पाहताना प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिनची पहिली मात्रा पोटात गेली, तर पुढचे बरेचसे संकट टळते. त्यासाठी अतिदक्षता कक्ष लागत नाही, साधी गोळी आणि लक्षणे ओळखणारा डॉक्टर पुरतो.

पुढच्या संशोधनाचा विषयही हाच असायला हवा. दंशापासून पहिल्या मात्रेपर्यंत किती वेळ जातो, कुठे अडतो, आणि त्याचा हृदयाच्या आकुंचनावर काय परिणाम होतो, हे आरोग्य केंद्र ते महाविद्यालय अशा सलग नोंदींतून तपासता येते. एमडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. रुग्ण इथलेच आहेत. चाचणी असेल तर २००९ पासून भारतीय चाचणी नोंदवहीत आधी नोंद सक्तीची आहे, आणि धास्तावलेल्या आईबापांची संमती त्यांच्या बोलीत, घाई न करता घेणे भाग आहे. अत्यवस्थ मुलाच्या बाबतीत पहिली मात्रा आधी द्यायची, संमतीचे बोलणे नंतर, हा क्रम आराखड्यातच लिहून ठेवावा लागतो.