नर्सिंग होमच्या दारात वकील कसा आला

अमेरिकेतल्या दीर्घकालीन शुश्रूषेच्या कायद्याविषयी मराठीत लिहिताना पहिली अडचण शब्दाचीच येते. आपल्याकडे १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली येणारे नर्सिंग होम म्हणजे बहुधा एखाद्या डॉक्टर दांपत्याचे, खाली ओपीडी आणि वर दहा-बारा खाटा असलेले छोटे रुग्णालय, जिथून पेशंट चार दिवसांत घरी जातो. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये मात्र अनेक जण घरी परतण्यासाठी जातच नाहीत. अंथरुणाला खिळलेली किंवा स्मृतिभ्रंश झालेली म्हातारी माणसे तिथे वर्षानुवर्षे राहतात, त्यांचा बराचसा खर्च सरकार उचलते आणि अशा संस्थांचे नियमपालन सांभाळण्यात वकिलांची अख्खी कारकीर्द जाते.

या साऱ्याचे मूळ १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात सापडते. निराधार वृद्धांना मासिक मदत देताना, सरकारी गरीबगृहात (निराधारांना ठेवण्याच्या संस्थेत) राहणाऱ्याला ती मिळणार नाही, अशी अट त्या कायद्याने घातली होती. बदनाम झालेली ती गृहे ओस पडावीत हा हेतू भलाच होता. पण हातात थोडे पैसे आलेली म्हातारी माणसे खाजगी घरगुती आश्रयस्थानांकडे वळली आणि धंद्याच्या रूपातले नर्सिंग होम खऱ्या अर्थाने तिथून वाढीला लागले. त्यांची तपासणी कोणी आणि कशी करायची, याला बराच काळ धरबंध नव्हता. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ओहायो राज्यातल्या फिचव्हिल येथील नर्सिंग होमला आग लागून ६३ रहिवासी दगावले. आदल्याच दिवशी डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली होती, त्यामुळे ही बातमी त्या गदारोळात झाकोळून गेली.

१९६५ मध्ये मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठी) आणि मेडिकेड (गरिबांसाठी) या सरकारी आरोग्य योजना आल्या आणि केंद्राच्या पैशाचा ओघ सुरू झाला. मेडिकेअर ही योजना रुग्णालयातून आलेल्या रुग्णाची शुश्रूषा फार तर १०० दिवस पाहते. त्यापुढचा मोठा भार केंद्र आणि राज्य मिळून चालवत असलेल्या मेडिकेडवर पडतो. पैशामागे गैरव्यवहार आलेच. न्यूयॉर्कमधल्या नर्सिंग होम घोटाळ्यानंतर १९७५ मध्ये चार्ल्स हाइन्स यांची विशेष अभियोक्ता म्हणून नेमणूक झाली, आणि १९७७ मध्ये राज्यांना मेडिकेडमधील फसवणूक शोधणारी स्वतंत्र पथके उभारण्यासाठी केंद्राने निधी दिला. या क्षेत्रात शिरण्याची एक वाट वकिलांसाठी अशी सरकारी बाजूने खुली झाली.

माझ्या मते खरे वळण मात्र कोलोरॅडोतल्या एका खटल्याने आणले. १९७५ मध्ये तिथल्या रहिवाशांच्या वतीने दाखल झालेल्या ‘स्मिथ विरुद्ध हेकलर’ या खटल्यातला मुद्दा वरकरणी किरकोळ वाटतो: तपासनीस जो फॉर्म भरतात, त्यात नेमके काय विचारले जाते? संस्थेकडे शुश्रूषा देण्याची व्यवस्था आहे का, असे तो फॉर्म विचारत होता. ती शुश्रूषा खाटेवरच्या माणसापर्यंत पोहोचते का, हे फारसे विचारत नव्हता. ही शहानिशा करण्याची जबाबदारी केंद्राच्या आरोग्य खात्याची आहे, असे अपील न्यायालयाने १९८४ मध्ये ठरवले. मधल्या काळात रेगन प्रशासनाने नियम सैल करण्याचा घाट घातला होता. त्यावर गदारोळ झाला, तज्ज्ञ समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९८६ मध्ये आला आणि डिसेंबर १९८७ मध्ये नर्सिंग होम सुधारणा कायदा संमत झाला. प्रत्येक रहिवाशाचे ठरावीक नमुन्यात मूल्यमापन, मदतनिसांना किमान ७५ तासांचे प्रशिक्षण, शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधून ठेवण्यास वा गुंगीची औषधे देण्यास मनाई, आणि जास्तीत जास्त १५ महिन्यांच्या आत आगाऊ सूचना न देता पाहणी, ही सगळी कलमे त्यातली.

पाहणीनंतर हाती येणारा २५६७ क्रमांकाचा फॉर्म हा वकिलाच्या रोजच्या कामाचा कागद. डाव्या रकान्यात तपासनिसाने नोंदवलेली त्रुटी, उजव्या रकान्यात संस्थेने द्यायची सुधारणा योजना, आणि ती पाठवायला दहा दिवस. उजवा रकाना भरणे हीच कसरत असते, कारण दोष कबूल केल्यासारखे वाक्य पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात उलटते आणि गुळमुळीत लिहिले तर योजना फेटाळली जाते. असा वकील नोंदवहीदेखील तपासनिसाच्या नजरेने वाचायला शिकतो. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशी बदलल्याच्या खुणा रात्रभर एकाच शाईत, एकाच वळणाने केलेल्या असतील, आणि त्या रात्री ती आजी मुळात रुग्णालयात दाखल असेल, तर पुढचे प्रकरण दंडावर भागत नाही.

अशा वेळी खोट्या दाव्यांविरुद्धचा १८६३ चा, म्हणजे यादवी युद्धात लष्कराला भेसळीचा माल विकणाऱ्यांसाठी केलेला कायदा पुढे येतो. नीट न दिलेल्या शुश्रूषेचे बिल सरकारला लावणे हाही खोटा दावाच, ही मांडणी फिलाडेल्फियातल्या केंद्रीय अभियोक्त्यांनी १९९६ मध्ये एका नर्सिंग होमविरुद्ध वापरली. त्या कायद्यात भरपाई तिप्पट होते, आणि माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला वाटा मिळतो. त्यानंतर संस्थांना आपल्या घरातच पहारा बसवावासा वाटला, तर नवल नाही. आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २००० मध्ये नर्सिंग होमसाठी अंतर्गत नियमपालन कार्यक्रमाची मार्गदर्शिका काढली. तेव्हा ऐच्छिक असलेला हा कार्यक्रम २०१० च्या आरोग्य कायद्याने बंधनकारक ठरवला.

जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टॅलेव्हस्की खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की सरकारी मालकीच्या नर्सिंग होममधला रहिवासी १९८७ च्या कायद्याने दिलेल्या हक्कांसाठी नागरी हक्क कायद्याखाली स्वतः दावा लावू शकतो. त्यामुळे संस्थेच्या वकिलाला तपासनिसाबरोबरच रहिवाशाच्या मुलामुलींचाही विचार करावा लागू लागला.

मनुष्यबळाचा प्रश्न मात्र फिरून तिथेच आला आहे. प्रत्येक रहिवाशामागे दररोज किमान ३.४८ तासांची शुश्रूषा आणि चोवीस तास नोंदणीकृत परिचारिका, असा नियम २०२४ मध्ये झाला. एप्रिल २०२५ मध्ये टेक्ससमधल्या केंद्रीय न्यायालयाने त्यातल्या या दोन्ही अटी रद्द केल्या आणि जुलैमध्ये संसदेने अंमलबजावणी २०३४ पर्यंत लांबवली. त्यामुळे १९८७ च्या कायद्यातली, दिवसाला आठ तास एक नोंदणीकृत परिचारिका आणि एरवी ‘पुरेसे’ कर्मचारी, ही तरतूदच आजही उभी आहे, आणि पुरेसे म्हणजे किती हे प्रत्येक २५६७ च्या दोन रकान्यांत नव्याने भांडले जाते.