जोडीदारास एचआयव्ही-स्थितीचे सुरक्षित कथन (गरोदर स्त्रिया, बेळगाव सीमाभाग)

गरोदरपणाच्या तपासणीत एचआयव्हीबाधित असल्याचे आढळलेल्या स्त्रीने ही बाब नवऱ्याला सांगावी का, केव्हा, कोणासमोर आणि कोणत्या शब्दांत, हे ठरवण्यासाठी तिला मदत करणारी समुपदेशनाची पद्धती. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या मराठी वस्ती असलेल्या भागांत हे काम मुख्यतः सरकारी दवाखान्यांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांतून (आयसीटीसी) चालते. निर्णय स्त्रीचा असतो आणि तिची सुरक्षितता सगळ्यात आधी पाहिली जाते.

उपचार न मिळाल्यास मातेकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के धरले जाते. उपचाराने ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. भारतात यासाठीचा कार्यक्रम २००१-०२ च्या सुमारास सुरू झाला. आरंभी प्रसूतीच्या वेळी आईला आणि जन्मानंतर बाळाला नेव्हिरापिन या विषाणूविरोधी औषधाची एकेक मात्रा दिली जाई. कर्नाटकात साधारण २०१२ च्या उत्तरार्धापासून अनेक औषधांचा उपचार टप्प्याटप्प्याने आला आणि २०१४ पासून देशभर प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीसाठी आजन्म एआरटीचे (विषाणूविरोधी औषधोपचाराचे) धोरण लागू झाले. या बदलाचा कथनाशी थेट संबंध आहे. एका मात्रेपुरते गुपित राखता येत असे. रोजची गोळी, दरमहा एआरटी केंद्राची फेरी आणि बाळाला किमान सहा आठवडे पाजायचे औषध एकत्र कुटुंबात फार काळ लपत नाही. सांगण्याची वेळ स्त्रीने निवडली नाही, तर औषधाची बाटलीच ती निवडते.

तपासणी बहुधा तिची आधी होते, म्हणून ‘हिनेच आणलं’ हा आरोपही आधी तिच्यावर येतो. कोणाचे निदान आधी झाले यावरून लागण कोणाला आधी झाली हे ठरत नाही, ही गोष्ट समुपदेशकाला नवऱ्याइतकीच सासूलाही समजावावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००४ मध्ये आलेल्या, बहुतांशी आफ्रिकेतील अभ्यासांच्या आढाव्यात जोडीदाराला सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण १६.७ ते ८६ टक्के असे विखुरलेले आढळते; प्रसूतिपूर्व तपासणीत निदान झालेल्यांत ते कमी होते. सांगितल्यावर हिंसक प्रतिक्रिया आल्याचे ३.५ ते १४.६ टक्के स्त्रियांनी नोंदवले. बेळगावला हे आकडे जसेच्या तसे लावणे योग्य नाही, पण धोका काल्पनिक नाही एवढे त्यांवरून दिसते.

कायदेशीर चौकट एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ ने घातली. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. कलम ९ नुसार डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला माहिती देऊ शकतो, पण त्याआधी काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. जोडीदाराला लागणीचा मोठा धोका असावा, बाधित व्यक्तीला स्वतः सांगण्याविषयी समुपदेशन झालेले असावे, ती सांगणार नाही अशी खात्री पटलेली असावी, आणि आपण सांगणार आहोत याची पूर्वकल्पना तिला दिलेली असावी. जोडीदाराला समक्ष आणि समुपदेशनानंतरच सांगायचे असते. याच कलमाच्या परंतुकाने विशेषतः स्त्रियांना संरक्षण दिले आहे: मारहाण, घराबाहेर काढणे किंवा तिच्या वा मुलांच्या आरोग्यावर अथवा सुरक्षिततेवर गंभीर परिणाम करणारे काही घडण्याची वाजवी भीती असेल, तर जोडीदाराला कळवू नये. बाधित व्यक्तीने इतरांना लागण होऊ नये म्हणून काळजी घ्यावी असे सांगणाऱ्या कलम १० मध्येही स्त्रीसाठी तसाच अपवाद आहे. सांगितले किंवा न सांगितले, या कलमाखाली आरोग्यसेवकावर कारवाई होत नाही.

या तरतुदीचे मूळ दोन ठिकाणी शोधले जाते. ‘मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये नियोजित वधूचा कळण्याचा हक्क रुग्णाच्या गोपनीयतेहून वरचढ मानला. त्यातील विवाहाच्या हक्काविषयीची विधाने २००२ मध्ये मागे घेतली गेली. कलम ९ हे त्या निकालाचेच संहितीकरण होय, असे काही मानतात. मात्र कलमातील अटींचा क्रम १९९६ च्या सल्लामसलतीतून आलेल्या एचआयव्ही व मानवी हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांशी अधिक जुळतो, आणि स्त्रियांसाठीचा अपवाद तर त्या निकालात नाहीच. विधेयकाचा पहिला मसुदा २००६ च्या आसपास लॉयर्स कलेक्टिव्ह या संस्थेने व्यापक चर्चेतून तयार केला होता, हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

सीमाभागात कथनाची वाट बहुधा माहेरावरून जाते. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते आणि आईला आधी कळते. सासर खानापुरात व माहेर चंदगड किंवा गडहिंग्लजला असेल, तर नोंदणी कर्नाटकात आणि प्रसूती महाराष्ट्रात होते. दोन राज्यांच्या एड्स संस्था वेगळ्या असल्याने औषधे खंडित होऊ नयेत म्हणून एका एआरटी केंद्राकडून दुसऱ्या एआरटी केंद्राकडे रीतसर पत्र न्यावे लागते. मामा-आत्याच्या मुलांत झालेल्या लग्नांत माहेर-सासर हे एकच गणगोत असते. तिथे आईला सांगितलेले सासूपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. भाषेचीही अडचण आहे. कागद कन्नडमध्ये आणि बाई फक्त मराठी बोलणारी असली, की नणंद किंवा दीर दुभाषी म्हणून पुढे सरसावतात. अशा वेळी नातेवाइकाला बाहेर बसवून मराठी जाणणारी परिचारिका बोलवावी. तायी कार्डावर (कर्नाटकात गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या नोंदींच्या कार्डावर) निदानाचा उघड उल्लेख नसावा.

सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे जोडप्याची एकत्र तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये तिची स्वतंत्र शिफारस केली. ‘दवाखान्यात दोघांचंबी रक्त तपासाय सांगितलंय’ एवढे बाईने घरी म्हटले तरी पुरते, कारण ही सूचना सर्वच गरोदर स्त्रियांना दिली जाते. तिचे निदान आधीच झालेले असताना पुन्हा दोघांची चाचणी करून निकाल एकदम सांगावा का, यावर मतभेद आहेत. त्यात लपवाछपवी आहे हा आक्षेप खरा. तरी स्त्रीची संमती असेल आणि समुपदेशक खोटे बोलत नसेल, तर ही रीत समर्थनीय ठरते.

आधी विचारायचे प्रश्न साधे असतात: त्याने पूर्वी हात उगारला आहे का, दारू पिऊन येतो का, रात्री निघावे लागले तर जवळ कोण आहे. ऊसतोडीला किंवा कामासाठी परगावी असलेल्या नवऱ्याला फोनवर सांगू नये. तो घरी आल्यावर, दिवसा आणि शक्यतो केंद्रातच सांगावे. भीती असेल तर कथन लांबवावे, औषधे मात्र थांबवू नयेत. नियमित उपचाराने रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, की शरीरसंबंधातून लागण होत नाही. त्यामुळे सांगण्यासाठी थांबण्यास वाव मिळतो. तोवर निरोधचा वापर सुचवला जातो, पण नवऱ्याकडे त्याचा आग्रह धरण्यानेच संशय येण्याचा संभव असल्याने तोही तिच्या सोयीनेच. मारहाण झाल्यास २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते. महिला मदतवाहिनीचा क्रमांक १८१, तर एड्सविषयक मदतवाहिनीचा १०९७ आहे.