सेल्फ फिरतो, पण रोटरी पकडत नाही

थंड गाडी सुरू केली, दहा पावलं पुढे घेतली आणि लगेच बंद केली. दुसऱ्या दिवशी सेल्फ मारला तर स्टार्टर भर्रकन फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. गाडी माझदाची आरएक्स-७ किंवा आरएक्स-८ असेल तर बघ्यांचा निकाल तयारच असतो: "रोटरी ना? मग गेलं इंजिन." अशा वेळी इंजिन बहुधा गेलेलं नसतं, पेट्रोलने न्हालेलं असतं. गॅरेजच्या भाषेत, गाडी 'ओव्हर' झालेली असते.

रोटरी इंजिनात पिस्टन नाहीत आणि व्हॉल्व्हही नाहीत. कमरेत जराशा आवळलेल्या लंबगोल घरात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो. त्याच्या तीन बाजू आणि घराची भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे होतात. हवा-पेट्रोल ओढणं, दाबणं, जाळणं, धूर बाहेर टाकणं ही चारही कामं या कप्प्यांत फिरता फिरता होतात. रोटरची एक फेरी होते तेव्हा शाफ्टच्या तीन होतात. दोन रोटर आणि एक शाफ्ट, म्हणजे 'फक्त तीन हलते भाग', ही जाहिरात फार गाजली. पण आरएक्स-८ च्या एकाच रोटरवर टोकांचे ३, कोपऱ्यांचे ६ आणि बाजूंचे ६ असे वायू अडवणारे १५ सील बसतात. त्यांच्या स्प्रिंगा वेगळ्याच.

सगळा खेळ टोकांवरच्या तीन पट्ट्यांचा, म्हणजे अ‍ॅपेक्स सीलचा आहे. ही पट्टी खाचेत किंचित सैल बसते आणि खालची स्प्रिंग तिला भिंतीकडे हलकेच ढकलते. इंजिन चालू असताना कप्प्यातला दाबलेला वायू खाचेत शिरतो, पट्टीच्या पाठीमागे जातो आणि तिला भिंतीवर रेटतो. दाब जितका जास्त तितकी पट्टी घट्ट. स्टार्टर मारताना मात्र हा वायू अजून दाबलेलाच नसतो. दाब तयार व्हायला सील घट्ट हवा आणि सील घट्ट व्हायला दाब हवा. कोंबडी आधी की अंडं आधी?

त्यात वेळही विरोधात असतो. पिस्टन इंजिनात दाबण्याचा टप्पा शाफ्टच्या १८० अंशांत संपतो, रोटरीत त्याला २७० अंश लागतात. स्टार्टर शाफ्टला मिनिटाला २५० फेऱ्या देतो असं धरलं, तर हे २७० अंश पार व्हायला ०.१८ सेकंद जातात. ९००० फेऱ्यांना तेच काम ०.००५ सेकंदात उरकतं. म्हणजे सुरू होताना वायूला फटीतून निसटायला ३६ पट वेळ मिळतो. ही फट तेवढ्या वेळापुरती बुजवते ती भिंतीवरची तेलाची पातळ साय.

पिस्टनच्या भिंतीवर इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतलं (सम्प) तेल सतत उडत असतं. रोटरच्या टोकांना ती चैन नाही. मीटरिंग पंप जे थेंब थेंब सोडतो तेवढंच तेल त्यांच्या वाट्याला येतं. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त दिलं जातं, पण थंड भिंतीवर त्याची नीट वाफ होत नाही. लगेच बंद केलं की ते भिंतीवरच राहतं आणि तेलाची साय धुऊन काढतं. पुढच्या सेल्फला आणखी पेट्रोल येतं, प्लग भिजतात: दुष्काळात तेरावा महिना. कॉम्प्रेशनचा, म्हणजे वायू दाबला जाण्याचा, विरोधच उरत नाही, म्हणून स्टार्टर एवढा हलका फिरतो. तो हलका आवाज हीच ओव्हर झाल्याची खूण.

उपाय क्रमाने करा. आधी बॅटरी: सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर बाकी सगळं व्यर्थ. आरएक्स-८ मध्ये अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला की सेल्फ मारताना पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद राहतात. तसा दाबून १० सेकंद फिरवा, स्टार्टर निवू द्या, पुन्हा फिरवा. जुन्या इंजेक्शनच्या गाडीत फ्युएल पंपाचा रिले (विजेचा स्विच) काढून हेच करा. (पेडल फटाफट पंप करायची सवय कार्बोरेटरच्या काळातली आहे, इथे तिचा उपयोग शून्य.)

एवढ्यानं जमलं नाही तर प्लग काढा. प्रत्येक रोटरला दोन: खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग, आणि त्यांची अदलाबदल चालत नाही. सील प्लगच्या छिद्रावरून घासत जातो, म्हणून प्लग भिंतीच्या आत दडवलेला असतो. ट्रेलिंगचं छिद्र तर मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं, कारण सील त्यावरून जाताना वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात गळतो. प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलची कनेक्टरं काढून ठेवा, नाहीतर बाहेर उडणाऱ्या पेट्रोलला ठिणगी मिळेल. मग ५-५ सेकंद फिरवून पेट्रोल बाहेर काढा. लीडिंगच्या छिद्रातून साधारण ५ मिली इंजिन ऑइल सोडा. पुढच्या पुलीचा बोल्ट पान्याने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक पूर्ण फेरी फिरवा, रोटरची पुढची बाजू समोर येते. असं तिन्ही बाजूंना करा, मग दुसऱ्या रोटरला. कोरडे किंवा नवे प्लग बसवा. सुरू होताना निळसर धुराचा लोट येईल, घाबरू नका. तापमानाचा काटा मधोमध येईपर्यंत बंद करू नका.

वारंवार ओव्हर होत असेल तर कॉइल तपासा. आरएक्स-८ ला चार असतात आणि एखादी अशक्त झाली तरी न जळलेलं पेट्रोल साचत जातं.

थंड असताना सुरू होते, पण गरम झाल्यावर अडते? तेव्हा मात्र बघ्यांचं म्हणणं खरं असू शकतं. गरम तेल पातळ होतं आणि झिजलेल्या सीलला तेवढाही आधार देत नाही. 'कॉम्प्रेशन परत आणणाऱ्या' बाटल्या इथेच खपतात. घट्ट द्रवाने फट दोन दिवस झाकते, झिजलेला धातू परत येत नाही. कॉम्प्रेशन मोजायच्या साध्या गेजवरही विसंबू नका. त्यातला एकदिशा व्हॉल्व्ह तीन बाजूंपैकी सर्वांत चांगलीचाच आकडा धरून ठेवतो, मेलेली बाजू लपून राहते. तो व्हॉल्व्ह काढला की काटा प्रत्येक बाजूला उडताना दिसतो: धप, धप, धप. एक उडी बुटकी असेल तर त्या बाजूचा सील गेला. अचूक आकडा रोटरीच्या खास टेस्टरवरच मिळतो. आरएक्स-८ साठी २५० फेऱ्यांना ८३० किलोपास्कल हे प्रमाण, ६८० ही खालची मर्यादा. एकाच रोटरच्या बाजूंमध्ये १५० पेक्षा जास्त फरक निघाला तर इंजिन उघडावं लागेल.