ठिपके आणि पट्ट्या: क्रॉसिंगच्या तोंडाशी पायाखाली काय असतं?

झेब्रा क्रॉसिंगपाशी फुटपाथवर उंचवट्यांच्या फरशा लागतात. काहींवर गोल ठिपके असतात, काहींवर लांब पट्ट्या. बहुतेक लोक दोन्हींना सरसकट 'अंधांसाठीच्या फरशा' म्हणतात. पण ठिपके सांगतात की थांबा, पुढे रस्ता आहे. चालण्याच्या दिशेने टाकलेल्या पट्ट्या सांगतात की याच वाटेने चला.

जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये ही फरशी तयार केली आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवली गेली. पुढे व्हीलचेअरसाठी फुटपाथची कड उतरती करू लागले, तशी ठिपक्यांची गरज आणखी वाढली. पूर्वी कडेची पायरी पायाला लागली की रस्ता आला हे अंध माणसाला कळायचं. ती पायरी गेली, तिचं काम ठिपक्यांकडे आलं.

म्हणूनच ठिपके पुष्कळदा नेमके उतारावर येतात, आणि वयस्कर माणसाची खरी अडचण तिथेच आहे. घोटा आधीच उताराशी जुळवून घेत असतो, त्यात तळव्याखाली सुमारे ५ मिलिमीटरचे उंचवटे येतात. चालताना पुढे जाणारं पाऊल सगळ्यात खाली असतं तेव्हा बोटं जमिनीपासून जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर असतात. पाय घासत चालणाऱ्याच्या पायाखाली तेवढंही अंतर नसतं. माझ्या आईच्या तळव्याला कुरूप आहे. पातळ चपलेतून ठिपका नेमका त्यावर आला की ती चटकन माझा दंड धरते. ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहाने कमी झाली आहे त्यांचं उलट होतं. त्यांना टोचत नाही, पण थांबण्याची सूचनाही पायातून पोचत नाही. मग डोळ्यांवरच भिस्त. म्हणून करड्या फुटपाथवर करडेच ठिपके बसवणं मला अक्षम्य वाटतं. मोतीबिंदू असलेल्याला ते दिसतच नाहीत.

पट्ट्यांचा त्रास निराळा. त्यांच्या दिशेने चाललं तर पाऊल बऱ्यापैकी सपाट पडतं. तिरकं ओलांडताना मात्र वॉकरचं छोटं चाक खाचेत वळतं. धातूच्या पट्ट्या पावसात निसरड्या होतात, हे वेगळंच.

आणखी एक घोळ लक्षात ठेवण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या टाकलेल्या असतील तर तो धोक्याचा इशारा असतो, बहुधा पुढे जिना असतो. त्या पट्ट्यांचा माथा गोलसर असतो, वाट दाखवणाऱ्यांचा सपाट. हा फरक नजरेला पटकन कळत नाही, म्हणून पट्ट्या आपल्या पावलांना समांतर आहेत की आडव्या, एवढं आधी पाहावं.

आई आता सिग्नलची वाट ठिपक्यांवर उभी राहून बघत नाही. दोन पावलं मागे, सपाट फरशीवर थांबते, काठी टेकवते. हिरवा लागला की पाऊल नेहमीपेक्षा थोडं वर उचलते आणि मध्ये न थांबता ठिपके पार करते.