दोन्हींत 6146च, मग रेंजरला एवढा भाव का?

दादरला एका जुन्या हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचं, घर रिकामं होत होतं. माळ्यावरून दोन अमेरिकन ट्रान्समीटर खाली आले, एक हीथकिटचा डीएक्स-60 आणि दुसरा जॉन्सनचा वायकिंग रेंजर. नुकतंच लायसन्स हाती पडलेला डोंबिवलीचा एक पोरगा सोबत होता. आत डोकावून म्हणाला, "काका, दोन्हींत 6146च आहे की. मग मी हलका घेतो, लोकलने तरी नेता येईल."

आउटपुटला दोघांतही एकच 6146 व्हॉल्व्ह (काचेची रेडिओ नळी), दोघंही एएम (बोलून) आणि सीडब्ल्यूवर (मोर्स कोडने) चालणारे. त्यामुळे गोंधळ होतोच. पण व्हॉल्व्ह बघून ट्रान्समीटरची किंमत ठरवायची म्हणजे बल्ब बघून घराचं भाडं ठरवण्यासारखं.

रेंजर 1954 चा, डीएक्स-60 1962 चा. रेंजरमध्ये व्हीएफओ आतच आहे, डायल फिरवली की फ्रिक्वेन्सी बदलते. डीएक्स-60 ला एकेका ठरावीक फ्रिक्वेन्सीचे क्रिस्टल लावावे लागतात, नाहीतर बाहेरून वेगळा व्हीएफओ जोडायचा. ही हीथकिटची कंजुषी नव्हे. त्या काळी अमेरिकेत नोव्हिस (नवशिक्या) लायसन्सवाल्यांना क्रिस्टलच वापरायची सक्ती होती आणि इनपुटही 75 वॅटच्या वर नेता येत नसे. डीएक्स-60 त्यांच्याच खिशाला बेतून बनवलेला. म्हणूनच तिकडच्या म्हाताऱ्या हॅमचा जीव त्याच्यात अडकलेला असतो. पहिली सायकल आठवावी तसा तो त्यांना आठवतो.

खरी गंमत आवाजात आहे. रेंजरमध्ये प्लेट मॉड्युलेशन आहे. 1614 व्हॉल्व्हची जोडी ऑडिओची ताकद तयार करते आणि मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरमधून ती 6146 च्या प्लेटला देते. एएमवर इनपुट 65 वॅट धरलं, तर पूर्ण मॉड्युलेशनला ऑडिओ त्याच्या निम्मा, म्हणजे बत्तीसेक वॅट लागतो. वजन येतं ते या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडामुळे.

डीएक्स-60 मध्ये तो ट्रान्सफॉर्मरच नाही. तिथे आवाजाने 6146 च्याच आतल्या स्क्रीन ग्रिडचा व्होल्टेज हलवतात. तुम्ही गप्प असलात की कॅरिअर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) खाली बसतो, बोलायला लागलात की वर चढतो. समोरच्याच्या रिसिव्हरवर सिग्नल मीटरचा काटा शब्दाशब्दाला नाचतो आणि दोन शब्दांमधल्या फटीत खरखर डोकं वर काढते. रेंजरचा कॅरिअर मात्र जागचा हलत नाही, मागे शांतता राहते, आवाज भरदार लागतो. शिवाय मोठा ट्रान्समीटर चालवायला एक्सायटर म्हणूनही रेंजर वापरत. भाव या सगळ्याचा असतो.

आणखी एक. डीएक्स-60 मुळातच किट. कुणाच्या हाताने जोडलाय, त्यावर त्याचं नशीब. आम्ही तळाची प्लेट काढली तर सोल्डरचे गोळे चिंचोक्याएवढे आणि निम्मे ड्राय, म्हणजे नीट न चिकटलेले. रेंजर किटमध्येही मिळे आणि कारखान्यातून जोडूनही. जोडून आलेला असेल तर चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही.

मुंबईत मात्र दोघांची दुखणी सारखीच. दोघंही 115 व्होल्टचे, तेव्हा स्टेप-डाऊन हवा. तो लॅमिंग्टन रोडला मिळतो. पण ट्रान्सफॉर्मर 60 हर्ट्झ धरून गुंडाळलेले, आपल्या 50 वर जास्त तापतात. वर इथली दमट हवा. जुने कॅपॅसिटर गळके समजूनच चालायचं आणि सिरीजमध्ये बल्ब लावल्याशिवाय करंट द्यायचा नाही. आतला व्होल्टेज पाचशेच्या पुढे जातो, प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज टिकून राहतो. आणि हो, लायसन्स नसताना असा ट्रान्समीटर नुसता घरात ठेवणंही चालत नाही.

पोराने डीएक्स-60 उचलला, चादरीत गुंडाळला आणि दुपारच्या रिकाम्या स्लो लोकलने नेला. तो सगळा नव्याने सोल्डर करेल आणि त्यातच शिकेल. त्याच्यासाठी तोच बरा.

रेंजरवर मी लगेच हो म्हटलं नाही. मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग तुटलं असेल, तर उरतो फक्त जड सीडब्ल्यू सेट, आणि तसाच दुसरा ट्रान्सफॉर्मर इथे मिळायचा नाही. मल्टिमीटर लावला. प्रायमरी ठीक. सेकंडरीवर काटा आधी ढिम्म, मग टर्मिनल घासल्यावर हलला. तेव्हा कुठे टॅक्सी बोलावली.