बर्फाचा सुळका वर का वाढतो?

हिवाळा लागला की एक फोटो वऱ्हाडातल्या फोनांवर फिरू लागतो. फ्रीजमधल्या बर्फाच्या ट्रेमधून बोटभर सुळका वर आलेला, आणि खाली ओळ: 'घरात पिंड प्रगटली'. कुणी म्हणतं, यंदा थंडीच तशी आहे. बाहेरच्या थंडीचा इथे काही संबंध नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तरी तो शून्याच्या वरच होता. आणि ज्या गोष्टीचं कारण ट्रेमध्येच सापडतं, तिच्यासाठी हात जोडायला लावणं ही फसवणूक आहे.

कप्प्यातलं पाणी एकदम गोठत नाही. आधी कडांना बर्फ धरतो, मग वरचा पापुद्रा चहूबाजूंनी आत सरकतो आणि मध्ये बारीकसं छिद्र उरतं. तोवर तळाशी, बाजूंनीही बर्फ जाड होत असतो. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. वाढायला जागा हवी आणि वाट एकच, ते छिद्र! पाणी त्यातून वर रेटलं जातं, तोंडाशी थेंब फुगतो, थेंबाची कड गोठते. पुन्हा पाणी, पुन्हा कड. अशी नळी चढत जाते, टोक बुजेपर्यंत. बर्फाचे स्फटिक ६० अंशांच्या कोनात जुळले तर छिद्र त्रिकोणी राहतं आणि सुळका तिधारी येतो.

पाणी कोणतं, यावर बरंच अवलंबून आहे. अमेरिकेत कॅलटेक या विज्ञानसंस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ केनेथ लिब्रेख्त यांच्या प्रयोगांत डिस्टिल्ड वॉटरचे सुळके उणे ७ अंशांच्या आसपास सर्वांत जास्त आले. किंचित मीठ घातलं की ते घटले. बर्फ गोठताना क्षार बाहेर टाकतो. ते नळीच्या टोकाच्या थेंबात साचतात, त्याचा गोठणबिंदू खाली जातो आणि कड धरत नाही. म्हणूनच पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणीच खारट आहे तिथे, बोअरच्या पाण्याला सुळका येणं कठीण, आरओच्या कॅनमधल्या पाण्याला सोपं.

थंड देशांत छपरावरून खाली लोंबणाऱ्या बर्फाचं उलट आहे. टोरोंटो विद्यापीठातल्या प्रयोगांत शुद्ध पाण्याचे लोंब गुळगुळीत निघाले. अंगावर सेंटीमीटरभर अंतराच्या वळ्या उठल्या त्या पाण्यात थोडे क्षार असतानाच.

घरी पाहायचं तर एका ट्रेमध्ये आरओचं पाणी भरा, दुसऱ्यात बोअरचं. दोन्ही ट्रे फ्रीजरमध्ये शेजारी ठेवा आणि गोठेपर्यंत हलवू नका. आतला पंखा चालणारा फ्रीज असेल तर आणखी बरं.